क्रिकेट, डॉक्टरी आणि रक्त
(विहाराच्या वर्धापनदिनी जठारपेठ येथे दिलेले भाषण)



आम्हाला क्रिकेटचे भारी वेड. पेशंट तपासतानाही स्कोअर विचारतो, हे इथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. त्यामुळे औषधावर बोलायचे म्हटले तरी क्रिकेट आठवतेच.

पळवणकर बाळू हे नाव पोरांनी पाठच करावे. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. पण पुण्याच्या क्लबात त्यांचा चहा बाहेर, मातीच्या पेल्यात! त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालत होता, कप चालत नव्हता.

आता मार्च 1962 पाहा. बार्बाडोसला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर लागला. हेल्मेट तेव्हा नव्हतेच. कवटीला मार बसला, तातडीने ऑपरेशन करावे लागले. रक्त पाहिजे म्हटल्यावर वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल स्वतः पुढे आले. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिले. लँडस्टायनर यांनी 1901 साली रक्तगट दाखवून दिले, त्यात जातीचा गट कुठेच नाही. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण जगले. बंगालमध्ये आजही वॉरेल यांच्या नावाने रक्तदान होते.

हे सारे सांगायचे कारण सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार जास्त आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लेकरू हातपाय दुखून रात्रभर रडते. आई म्हणते, "डॉक्टरसाहेब, वातच हाय." मग मालिश, मग अंगारा. वर्षे जातात.

वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून तो तपासतही नाही. नवराबायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. "पहिलं तसं झालं, आता पुढचे तिघं चांगले," असा हिशेब लोक करतात. तसे नसते हो, दर वेळी टॉस नवा!

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी रोज घेतली तर दुखण्याचे झटके कमी होतात. रक्त तपासत राहावे लागते, मधेच सोडायची नाही. काही पेशंटना पुन्हा पुन्हा रक्तही चढवावे लागते. उन्हाळ्यात कॉलेजे बंद, शिबिरे थांबतात आणि रक्तपेढ्या रिकाम्या होतात. साठवलेले रक्त पाच-सहा आठवड्यांच्या वर टिकत नाही.

दीक्षेबरोबर आपण पत्रिका सोडली, फार चांगले केले. पण सोयरीक जुळवताना सिकलसेलचा कागद विचारायला मायबाप लाजतात. "पोरीचं लग्न मोडंन," म्हणून पोरीचा रिपोर्ट पेटीत लपवलेला आम्ही पाहिला आहे. पोराचा तर काढतच नाहीत. दोघांचाही काढा. एक वाहक असला आणि दुसरा निरोगी, तर सोयरीक मोडायचे काही कारण नाही.

वंदनेनंतर तपासणीसाठी आणि रक्तदानासाठी नावे लिहून घेऊ. दोन वह्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत.