मोडलेल्या धातूची साक्ष आणि सूक्ष्मदर्शकाची निवड

(तंत्रशिक्षक, खरेदी-अधिकारी आणि ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, लाखो रुपयांच्या या यंत्राशी आमच्या गावाचा संबंध काय? संबंध आहे. गावाच्या नळयोजनेवरील पंपाचा दांडा तुटतो, प्रवासी गाडीचा आस मोडतो, उचलयंत्राचा आकडा भार घेता घेता दुभंगतो. अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो, दोष कोणाचा? चालकाने अतिभार घातला, मिस्त्रीने हयगय केली, की पुरवठादाराने निकृष्ट पोलाद दिले? पुरावा नसला म्हणजे दोष बहुधा सर्वांत दुबळ्या माणसाच्या माथी बसतो आणि तोच भाग पुन्हा त्याच कारणाने मोडतो. वास्तविक या प्रकरणातील खरा साक्षीदार तेथेच पडलेला असतो, तो म्हणजे मोडलेला तुकडा.

धातू कसा मोडला याची नोंद त्याच्या भंगपृष्ठावर उमटलेली असते. चिवट धातू ताणाखाली ओढला जाऊन तुटला, तर पृष्ठावर बारीक वाट्यांसारखे असंख्य खळगे दिसतात. ठिसूळपणे फुटलेल्या पोलादात सपाट पैलू दिसतात आणि त्यांवर नदीला उपनद्या मिळाव्यात तशा रेषा असतात. धातूचे कण एकमेकांपासून सुटले असतील, तर पृष्ठ खडीसाखरेसारखे दिसते. आणि लहान लहान भार हजारो वेळा येऊन भेग हळूहळू वाढली असेल, म्हणजेच धातूला शिणवटा आला असेल, तर समांतर सूक्ष्म रेषा उमटतात. अनेकदा अशी एकेक रेषा भाराच्या एकेका आवर्तनात भेग किती पुढे सरकली ते सांगते.

या खुणा साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून नीट का दिसत नाहीत? प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे त्याची विभेदनक्षमता सुमारे ०·२ मायक्रोमीटरपाशी थांबते, हे एक कारण. त्याहून महत्त्वाचे कारण असे की, मोठ्या विवर्धनावर त्याला अगदी सपाट पृष्ठच स्पष्ट दिसते. भंगपृष्ठ तर डोंगरदऱ्यांसारखे असते. शिखर स्पष्ट केले की दरी धूसर होते. क्रमवीक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात कक्षामध्ये इलेक्ट्रॉनांची अतिसूक्ष्म शलाका नमुन्यावरून ओळीओळीने फिरवतात आणि पृष्ठातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून चित्र उभे करतात. त्यात शिखर व दरी एकाच वेळी स्पष्ट दिसतात. केंब्रिज विद्यापीठात चार्ल्स ओटली यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या दीर्घ संशोधनातून १९६५ मध्ये हे उपकरण ‘स्टिरिओस्कॅन’ या नावाने बाजारात आले.

एका तबकडीची कथा

या साक्षीचे मोल एका प्रसिद्ध अपघातावरून ध्यानात येईल. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डीसी-१० जातीच्या प्रवासी विमानाच्या शेपटाकडील इंजिनाची पंख्याची तबकडी आकाशातच फुटली. तिच्या तुकड्यांनी विमानाच्या नियंत्रणाच्या तिन्ही द्रवचालित यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी शर्थ करून विमान आयोवा राज्यातील सू सिटी येथे उतरविले, तरी २९६ पैकी ११२ जणांचा अंत झाला. तबकडीचा मोठा भाग सुमारे तीन महिन्यांनी मक्याच्या शेतात कापणी करणाऱ्या एका शेतकरी स्त्रीला सापडला.

तबकडी टायटॅनियमच्या मिश्रधातूची होती. भेगेच्या उगमापाशी एक लहानशी पोकळी व तिच्याभोवती नायट्रोजन मुरलेला कठीण, ठिसूळ भाग आढळला. हा दोष धातू वितळवून ओतताना, म्हणजे अपघातापूर्वी सुमारे अठरा वर्षे, शिरला होता. भंगपृष्ठावरील शिणवट्याच्या रेषांच्या संख्येचा अंदाज केला, तेव्हा तो तबकडीच्या १५,५०३ उड्डाण-आवर्तनांशी बऱ्यापैकी जुळला. भेग जवळजवळ पहिल्या उड्डाणापासून वाढत होती, हे त्या धातूनेच सांगितले. दोष वैमानिकांचा नव्हता. ओतकामाच्या व तपासणीच्या पद्धती बदलणे आवश्यक होते.

आता निवडीचा विचार करू. अशा तपासासाठी यंत्र घ्यावयाचे, तर ते कोणत्या कसोटीवर घ्यावे?

विवर्धनाचा मोह

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर विवर्धनाचा मोठा आकडा असतो: तीन लाख पट, दहा लाख पट. त्याने भारून जाऊ नये. चित्र मोठ्या पडद्यावर टाकले की विवर्धनाचा आकडा वाढतो, पण तपशील वाढत नाही. खरा प्रश्न विभेदनक्षमतेचा, आणि त्याहूनही आपल्याला काय पाहावयाचे आहे याचा. शिणवट्याच्या रेषांमधील अंतर बहुधा ०·१ मायक्रोमीटर, म्हणजे १०० नॅनोमीटर, किंवा त्याहून अधिक असते. टंगस्टनच्या तंतूवर चालणारे साधे यंत्र अनुकूल स्थितीत ३ ते ४ नॅनोमीटरपर्यंतचा तपशील दाखवते. भंगपृष्ठाचे बहुतेक काम वीस पटीपासून पाच हजार पटीपर्यंतच्या विवर्धनात उरकते. किंबहुना सर्वांत कमी विवर्धन किती, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कारण आधी संपूर्ण पृष्ठ पाहून भेगेचा उगम शोधावा लागतो.

क्षेत्र-उत्सर्जनाचा इलेक्ट्रॉन-स्रोत असलेली यंत्रे सुमारे १ नॅनोमीटरपर्यंत पोहोचतात. संशोधनसंस्थांना ती हवीतच. परंतु त्यांना फार उच्च प्रतीचा निर्वात लागतो. स्रोत दीर्घकाळ टिकतो, पण बदलण्याची वेळ आली की खर्च मोठा आणि तज्ज्ञ अभियंत्यावाचून काम होत नाही. टंगस्टनचा तंतू शंभर तासांच्या आसपास जळून जातो, पण तो स्वस्त असून प्रयोगशाळेतील प्रशिक्षित माणूस तो स्वतः बदलू शकतो. ज्या प्रयोगशाळेचे मुख्य काम मोडलेले दांडे, बोल्ट व नळ्या तपासण्याचे आहे, तिने टंगस्टनचे यंत्र घेऊन वाचलेला पैसा पुढील गोष्टींवर खर्च करावा.

पैसा कोठे घालावा

पहिली गोष्ट नमुन्याचा कक्ष. मोडलेला दातेरी चक्राचा तुकडा मावत नसेल, तर तो कापावा लागतो आणि कापताना पुरावा बिघडण्याचे भय असते. म्हणून कक्ष प्रशस्त हवा, आणि नमुना ठेवण्याचा मंच जड तुकडा पेलून त्याला सर्व बाजूंनी तिरका करणारा व फिरविणारा हवा.

दुसरी गोष्ट डिटेक्टर, म्हणजे संकेत टिपणारे अवयव. परत फिरलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या डिटेक्टरच्या चित्रात जड मूलद्रव्ये उजळ दिसतात, त्यामुळे धातूत मिसळलेला परका कण लगेच नजरेत भरतो. त्याच्या जोडीला क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्ये ओळखणारा डिटेक्टर असल्याशिवाय यंत्र घेऊच नये. आजच्या सिलिकॉन-ड्रिफ्ट जातीच्या डिटेक्टरला पूर्वीप्रमाणे द्रवरूप नायट्रोजन लागत नाही.

मात्र त्याच्याही मर्यादा जाणून घ्याव्यात. त्याला हायड्रोजन दिसत नाही, त्यामुळे हायड्रोजनाने आलेला ठिसूळपणा अन्य पुराव्यांवरून ठरवावा लागतो. पोलादातील कार्बनचे नेमके प्रमाण त्यावरून सांगू नये, त्यासाठी निराळी परीक्षा आहे. गंधक आणि मॉलिब्डेनम यांचे संकेत जवळजवळ एकाच ऊर्जेवर येतात. तसेच टायटॅनियममधील नायट्रोजनचे होते. म्हणजे वर सांगितलेल्या तबकडीतील दोष केवळ या साधनाने निर्विवाद सिद्ध करणे कठीण. तरंगलांबीवरून क्ष-किरण वेगळे करणारे अधिक महाग उपकरण तेथे कामी येते. आपल्याकडे असे प्रश्न क्वचित येणार असतील, तर तो नमुना मोठ्या संस्थेकडे पाठवणे शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट अल्पनिर्वाताची सोय. गंज, क्षार व रंग हे विजेचे वाहक नसल्यामुळे सामान्य स्थितीत चित्र बिघडते. सोन्याचा पातळ थर देता येतो, पण त्याने फॉस्फरस व गंधक यांच्या खुणा झाकोळतात. कक्षात थोडी हवा राखणाऱ्या यंत्रात गंजलेला नमुना जसाच्या तसा पाहता येतो. आपल्या गोमंतकासारख्या समुद्रकाठच्या प्रदेशात ही सोय मी अनिवार्य मानतो. खाऱ्या हवेतील क्लोराइड स्टेनलेस पोलादालाही ताणाखाली भेगा पाडते. अशी भेग शिणवट्याची की क्षरणाची, हे गंजातील क्लोरिन सापडण्यावर अनेकदा ठरते. पणजीचा मांडवीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटमधील ताणलेल्या पोलादाच्या क्षरणाचे उदाहरण म्हणून अभियंते आजही त्याचा उल्लेख करतात.

निविदा आणि चाचणी

खरेदी-अधिकाऱ्यांना माझी विनंती अशी की, निविदेत केवळ विवर्धन व विभेदनक्षमता लिहू नये. आपल्या कामाचे वर्णन लिहावे. विक्रेते प्रात्यक्षिकासाठी कार्बनवरील सोन्याचे कण दाखवतात आणि ते चित्र सुंदरच येते. आपण आपला गंजलेला बोल्ट व तुटलेला दांडा घेऊन जावा आणि सर्व विक्रेत्यांना तेच दोन नमुने द्यावेत. दोन लिफाफा पद्धतीत तांत्रिक लिफाफ्याचे गुण या चाचणीवरून द्यावेत. किमतीत निदान पाच वर्षांची देखभाल, सुटे भाग, प्रशिक्षण आणि अभियंता किती दिवसांत येईल याची लेखी हमी धरावी. खोली तळमजल्यावर, रस्त्याच्या हादऱ्यांपासून व मोठ्या वीजवाहिन्यांपासून दूर असावी. स्थिर वीजदाब, उत्तम भूसंपर्कन व दमटपणा आवरणारे वातानुकूलन यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात घालावा. आणि यंत्रासाठी माणूस नेमण्याची तरतूद नसेल, तर यंत्र घेण्याची घाई करू नये.

शेवटची विनंती शिक्षकांना व ग्रामस्थांना. उत्तमोत्तम यंत्रही पुसलेली साक्ष वाचू शकत नाही. भाग मोडला की त्याचे दोन तुकडे पुन्हा जुळवून पाहू नयेत, त्याने खुणा घासल्या जातात. भंगपृष्ठाला बोट लावू नये, ते तारेच्या ब्रशाने घासू नये, धुऊ नये. आधी जागेवरच छायाचित्र घ्यावे. मग दोन्ही तुकडे निरनिराळे, कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळून, तारीख, जागा व यंत्राचे नाव लिहून ठेवावेत. पावसाळ्यात हे त्याच दिवशी करावे, कारण एका रात्रीच्या गंजानेही बारीक रेषा नाहीशा होतात.

ज्या कारकुनाला, चालकाला किंवा मिस्त्रीला उद्या चौकशीसमोर उभे राहावे लागेल, त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणारा खरा पुरावा त्या कागदाच्या पुडीत असतो. तो नीट वाचता येईल असे यंत्र निवडणे हे सार्वजनिक पैशाचे विश्वस्त म्हणून आपले कर्तव्य आहे, आणि तो वाचण्याजोगा राखणे हे आपणा सर्वांच्या हाती आहे.