आधी परवानगी, मग शिकवणी

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण अमेरिकेतला एक नियम ऐका. अफूवर्गीय वेदनाशामक लिहून द्यायला डॉक्टरला केंद्रीय कायद्याने वेगळं प्रशिक्षण लागत नसे. त्याच गोळ्यांचं व्यसन सोडवणारं ब्युप्रेनॉर्फिन द्यायचं, तर मात्र २०००च्या कायद्याने साध्या डॉक्टरला आठ तासांचं प्रशिक्षण आणि खास परवाना! डिसेंबर २०२२मध्ये तो परवाना रद्द झाला. जून २०२३पासून आठ तास जवळपास सगळ्यांनाच सक्तीचे.

आठ तासांत शिकायचं काय? मुख्य म्हणजे वेळ साधणं. अंगात हेरॉइन असतानाच पहिला डोस दिला, तर रुग्ण तडफडतो. पुन्हा दवाखान्याची पायरी चढेलच असं नाही. शिवाय हे औषध वर्षानुवर्षं चाललं, तरी ते ‘दुसरं व्यसन’ नव्हे, हे घरच्यांना पटवायचं. माझ्या मते, हे जास्त अवघड.