पावणेसहा फुटांचा पॉइंट गार्ड

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



‘खेळावर काहीतरी बोला,’ असे चिटणीससाहेबांनी मला फर्माविले. शाळेत इतिहास-भूगोलाबरोबर बास्केटबॉलचा संघही मजकडे आहे, त्यामुळे मी लगेच होकार दिला. मात्र ‘जीवनात खेळाचे महत्त्व’ हा विषय मी आज घेणार नाही. तो विद्यार्थ्यांनी इतक्या वेळा लिहिला आहे आणि मी इतक्या वेळा तपासला आहे की, आता दोन्ही पक्षांना त्याची दया यावी. मी आपणांस एका मुलाची हकीकत सांगणार आहे. हा मुलगा अमेरिकेतला. तो मैदानावर उतरण्याआधीपासून त्याच्याविषयी वाद सुरू झाला, आणि पुढे पाच वर्षे, दर वर्षी हंगामाच्या तोंडावर तो वाद नव्याने रंगत राहिला.

प्रथम थोडी माहिती. अमेरिकेत कॉलेजचे बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हे. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये 68 संघांची राष्ट्रीय बाद फेरी होते. एक पराभव झाला की घरी. व्हर्जिनिया विद्यापीठ हे टॉमस जेफरसन यांनी 1819 साली स्थापन केलेले जुने विद्यापीठ. तेथील क्रीडागृहात चौदा हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात आणि ते सारे स्वतःला प्रशिक्षकच समजतात. आपल्याकडे क्रिकेटचा संघ जाहीर झाला की पानाच्या ठेल्यावर जे चालते, तेच तेथे ऑक्टोबरात चालते. या वर्षी चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, पॉइंट गार्ड कोण, हा वादाचा पहिला विषय.

पॉइंट गार्ड म्हणजे पाच खेळाडूंपैकी चेंडू वर घेऊन जाणारा. दहा सेकंदांत त्याने मधली रेषा ओलांडली पाहिजे, आणि तीस सेकंदांत संघाने नेम मारला पाहिजे. तेवढ्या अवधीत कोण मोकळा आहे, कोण दमला आहे, समोरचा कोठे सापळा लावतो आहे, हे पाहून चेंडू कोणाला द्यायचा ते तो ठरवितो. त्यातही व्हर्जिनियाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांची पद्धत अशी होती की खेळ संथ ठेवायचा, बचाव घट्ट ठेवायचा. इतर संघांना एका सामन्यात सत्तरेक वेळा चेंडू मिळे, तर यांना साठच्या आसपास. म्हणजे एक चेंडू गमावला तरी तो जास्त महाग पडे. बेनेट स्वतः आपल्या वडिलांच्या हाताखाली ग्रीन बे येथे पॉइंट गार्ड म्हणून खेळलेले, तेव्हा हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता 2018 सालाकडे येऊ. त्या वर्षी व्हर्जिनियाचा संघ सबंध स्पर्धेत अव्वल मानांकित होता. प्रत्येक विभागात एक ते सोळा अशी मानांकने असतात, आणि पुरुषांच्या स्पर्धेत 1985 पासून पहिल्या मानांकिताची सोळाव्याशी गाठ 135 वेळा पडली होती. 135 वेळा पहिलाच जिंकला होता. 16 मार्च 2018 रोजी मेरीलँड-बाल्टिमोर काउंटी या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या विद्यापीठाने व्हर्जिनियाला 74-54 असे हरविले. निसटता नव्हे, वीस गुणांनी. व्हर्जिनियाचा हंटर हा मोहरा हाताच्या दुखापतीने बाहेर होता हे खरे. पण वीस गुणांना एवढे कारण पुरत नाही.

त्या विजयी संघात चेंडू वर आणणारा के. जे. मौरा हा खेळाडू 5 फूट 8 इंच उंचीचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

हरलेल्या संघाच्या चाहत्यांनी तो उन्हाळा कसा काढला असेल याची कल्पना आपण करू शकाल. पुढच्या हंगामासाठी नवा गार्ड आला तो कॅलिफोर्नियाचा किहेई क्लार्क. वय अठरा, उंची 5 फूट 9 इंच, म्हणजे बरोबर पावणेसहा फूट. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्यासाठी रांग लावली नव्हती. आधी तो डेव्हिस येथील लहानशा संघाला शब्द देऊन बसला होता. झाले! आपल्याकडे 6 फूट 5 इंचांचा टाय जेरोम असताना या पोराच्या हाती चेंडू कशाला? समोरचा उंच गार्ड याच्या डोक्यावरून नेम मारील. याला स्वतःला नेम मारता येणार नाही, मग त्याचा रक्षक त्याला सोडून दुसऱ्यावर धावेल. एक-दोन वर्षे बसवावा, मग बघू. दुसरा पक्ष म्हणे, चेंडू वाहण्याचे ओझे जेरोमवरून उतरले तर जेरोम मोकळेपणाने नेम मारील. आणि हा पोरगा समोरच्याच्या अंगाशी चिकटून त्याला चेंडू वर आणू देणार नाही.

मी प्रामाणिकपणे सांगतो, मी त्या वेळी पहिल्या पक्षात होतो. रात्री उशिरा मोबाईलवर सामने पाहणारा एक मास्तर. माझ्या मताला तेथे कोण विचारतो? पण मत होते. आणि पहिल्या पक्षाचे म्हणणे वेडेपणाचे होते असेही नाही. उंची मोजता येते. नेमाची टक्केवारी मोजता येते. त्यांनी मोजून सांगितले आणि त्यातले पुष्कळसे खरे ठरले. क्लार्कची पहिल्या वर्षीची सरासरी सामन्यामागे पाच गुणांचीही नव्हती. मात्र वीस गुणांनी आपल्याला हरविणाऱ्या संघाचा पॉइंट गार्ड याच्याहून एक इंच बुटका होता, हे मोजणाऱ्यांच्या आणि माझ्याही हिशेबात आले नाही. मोजपट्टी आपण बहुधा आपल्याच मुलांना लावतो.

30 मार्च 2019, लुइव्हिल. उपांत्यपूर्व सामना पर्ड्यू विद्यापीठाशी. त्यांच्या कार्सन एडवर्ड्सने एकट्याने 42 गुण केले. शेवटचे सहा सेकंद उरले असता व्हर्जिनिया तीन गुणांनी मागे. जेरोमला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला पडला, 70-68. दुसरा चुकला. आफ्रिकेतील गिनी देशातून आलेल्या ममाडी डिआकिटेने उडी मारून चेंडू टोलविला, तो सर्वांच्या डोक्यांवरून मागे, थेट आपल्याच अर्ध्यात गेला. त्याच्या मागे धावला तो क्लार्क. चेंडू हाती आला तेव्हा घड्याळात मोजके क्षण होते आणि बास्केट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. अशा वेळी पहिल्या वर्षाचा मुलगा काय करतो? तेथूनच नशिबावर फेकतो, किंवा जवळच्या मोठ्या खेळाडूच्या हाती देऊन मोकळा होतो. क्लार्कने पळता पळता मान वर केली, बास्केटच्या दिशेला उभा असलेला डिआकिटे पाहिला आणि लांबून सरळ त्याच्या हातात चेंडू फेकला. डिआकिटेचा नेम भोंग्याबरोबर सुटला आणि पडला. 70-70. जादा वेळेत व्हर्जिनिया 80-75 ने जिंकले आणि 1984 नंतर प्रथमच उपांत्य फेरीत गेले. तेथे ऑबर्नला 63-62 ने आणि 8 एप्रिल रोजी अंतिम सामन्यात टेक्सास टेकला जादा वेळेत 85-77 ने हरवून ते प्रथमच राष्ट्रीय विजेते झाले.

तो पास मी कितीदा पाहिला असेन सांगता येत नाही. आमच्या संघाच्या मुलांनाही दाखविला. एक मुलगा म्हणाला, ‘सर, त्याला दिसला कसा?’ मला उत्तर देता आले नाही. उंचीच्या रकान्यात ते लिहिलेले नव्हते आणि टक्केवारीच्या रकान्यातही नव्हते.

येथे हकीकत संपली असती तर मी ती आपणांस सांगितलीही नसती. अशा गोष्टी तर आपण पाठ्यपुस्तकात वाचतोच. पण वाद मिटला नाही. जेरोम, गाय आणि हंटर व्यावसायिक संघांत गेले आणि सगळे ओझे क्लार्कवर आले. दुसऱ्या वर्षी तो चाळीस मिनिटांच्या सामन्यात जवळजवळ पूर्ण वेळ खेळे, मग चाहते म्हणत, दमतो, म्हणून चेंडू गमावतो. 2020 ची राष्ट्रीय स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही. 2021 मध्ये ओहायो विद्यापीठाकडून पहिल्याच फेरीत पराभव. 2022 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशही नाही. कोविडमुळे खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळाले होते. क्लार्कने पाचव्या वर्षी परत यायचे ठरविले तेव्हा वादाला पुन्हा ऊत आला. रीस बीकमन हा उंच, चपळ गार्ड तयार झाला आहे, आता त्याच्या हाती चेंडू द्या, याने जागा अडविली आहे, असा सूर निघाला. ज्याने लांब पास फेकून अजिंक्यपद जवळ आणले त्याच्याविषयी ‘जागा अडविली’! चाहत्यांची स्मरणशक्ती पालकांसारखीच असते, पालकांनी क्षमा करावी. मुलगा चौथीत पहिला आला होता हे सातवीत नापास झाल्याबरोबर कोणाला आठवते?

त्या पाचव्या वर्षी क्लार्कने विद्यापीठाच्या इतिहासातील सर्वाधिक असिस्टचा, म्हणजे ज्यावर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली अशा पासांचा, जॉन क्रॉटी यांचा जुना विक्रम मोडला. आणि मग आला 16 मार्च 2023, त्या वीस गुणांच्या पराभवाला बरोबर पाच वर्षे झाली तो दिवस. पहिली फेरी, समोर दक्षिण कॅरोलायनाचा फर्मन हा लहान संघ. व्हर्जिनिया 67-65 असे पुढे, काही सेकंद बाकी. चेंडू क्लार्कजवळ, आपल्याच टोकाच्या कोपऱ्यात. दोघांनी त्याला घेरले. फक्त चेंडू धरून राहायचे होते; त्यांनी फाऊल केला असता तर फ्री थ्रो मिळाले असते. क्लार्कने मान वर केली आणि चेंडू लांब फेकला. तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. त्याने सहकाऱ्याला दिला, सहकाऱ्याने तीन गुणांचा नेम मारला. 68-67. पाच वर्षांच्या कारकीर्दीतला शेवटचा सामना असा संपला.

ज्यांनी 2018 साली नको म्हटले होते त्यांना वाटले असेल, आम्ही सांगत होतो ना? मला तसे वाटले नाही. मला दोन्ही पास एकाच हाताचे दिसले. घेरलेल्या, घाईच्या क्षणी मान वर करून लांब पाहण्याची सवय. लुइव्हिलला ती उपयोगी पडली आणि येथे नडली. पहिला पास हवा असेल तर दुसरा कधीतरी पदरी येणार. एक ठेवून दुसरा कापून टाकता येईल असा खेळाडू मी तरी पाहिलेला नाही, विद्यार्थीही पाहिलेला नाही. प्रशिक्षक बेनेट यांनी मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत चेंडू त्याच्याच हाती ठेवला. 2024 च्या ऑक्टोबरात, हंगाम तोंडावर असताना ते स्वतः निवृत्त झाले. त्यांनी क्लार्कला पाच वर्षे खेळविले ते बरोबर की चूक, यावर तेथे अजून वाद घालणारे सापडतील. चौथ्या वर्षानंतर बीकमनला अधिक चेंडू द्यायला हवा होता हे माझेही मत आहे. पण मत असणे वेगळे आणि ते मुलाच्या कानावर पडेल असे बोलणे वेगळे.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? काही वर्षांपूर्वी संघाची निवड करताना नववीतला एक बुटका मुलगा पुढे आला. मी सर्वांदेखत हसून म्हणालो, ‘अरे, तू खो-खोत जा.’ मुले हसली, तोही हसला. तो खो-खोलाही गेला नाही. मात्र रोज संध्याकाळी सराव चालू असताना दप्तर पाठीवर घेऊन मैदानाच्या कडेला उभा राही. एकदा आमच्या गार्डने चेंडू धरला असताना हा बाहेरून ओरडला, ‘उजवीकडे!’ उजवीकडचा मुलगा मोकळा होता. मला तो दिसायला आणखी एक क्षण लागला. नंतर मी मुद्दाम लक्ष दिले. पाचांतले चार वेळा याला माझ्याआधी दिसत होते. मी त्याला बोलावले तोवर तो दहावीत गेला होता. नम्रपणे म्हणाला, ‘सर, आता अब्बा नको म्हणतात, अभ्यास आहे.’ अब्बांचे चुकले नव्हते. ज्या वर्षी त्याला घ्यायचे ते वर्ष मी घालविले होते.

त्याचा धाकटा भाऊ यंदा आठवीत आला आहे. उंची तीच, घराण्याचीच म्हणा ना. सोमवारी शाळा सुटल्यावर संघाची निवड आहे. या वेळी मी मुलांना भिंतीशी उभे करून उंची मोजणार नाही. पाच-पाच जणांचे गट करून खेळायला लावणार आहे आणि कोणाला कोण दिसते ते पाहणार आहे. ज्या पालकांना सवड असेल त्यांनी अवश्य यावे. बाके मैदानाच्या त्या बाजूला मांडू. आपण बोललेले मुलांना ऐकू येते, एवढे कृपया ध्यानात असावे.