पहिलीच्या बाई बोलत आहेत

मी पालघर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी वारली बोलतात. त्यामुळे जूनमध्ये मी पुस्तक लगेच उघडत नाही. आधी मुलांना बोलू देते: शेतावरचं, खेकडे पकडण्याचं, बैलांचं. ती त्यांच्या भाषेत सांगतात, मी फळ्यावर चित्र काढते आणि खाली शब्द लिहिते. आपण बोललेलं लिहिता येतं, हे मुलाला उमगणं मला मुळाक्षरांच्या पाठांतरापेक्षा मोलाचं वाटतं.

मग अक्षरं. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने जात नाही. न, क, म ही तीन अक्षरं आणि काना एवढं आलं, की नाक, कान, मान, मामा, काका हे शब्द मूल स्वतः वाचतं. पहिला शब्द स्वतः वाचलेलं मूल दुसऱ्या दिवशी शाळेत लवकर येतं! गणितात दहा काड्यांचा गठ्ठा. बेचाळीस म्हणजे चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या.

आमच्याच भागात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मुलांच्या अंगणातच शाळा भरवली आणि पुढे ते काम कोसबाडला नेलं. आम्ही त्याच वाटेने चालतो.

छडी माझ्या वर्गात नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे.

पालकांनो, एक विनंती. संध्याकाळी ‘किती मार्क मिळाले?’ विचारू नका. ‘आज काय केलंस?’ विचारा, आणि मुलाला घरच्या भाषेत सांगू द्या.