किल्लीच्या मागे काय असतं?

मी इंदूरहून बोलतोय. मोटार मेकॅनिकचं काम मुलांना शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. आमच्या इकडच्या मराठीत हिंदी जरा मिसळलेली असते, तेवढं चालवून घ्या. आजचा विषय छोटा आहे. किल्लीने चालू होणाऱ्या गाडीचा इग्निशन स्विच बदलायचा आणि त्यासाठी स्टिअरिंगखालची प्लास्टिकची कव्हरं उतरवायची. बटणाच्या गाड्यांचं गणित निराळं, त्या आज बाजूला ठेवू.

आधी एक घोटाळा दूर करतो, कारण गिऱ्हाइकाचे पैसे तिथेच जातात. आपण किल्ली घालतो ते कुलूप. त्या कुलपाच्या पाठीमागे, साधारण काड्यापेटीएवढा प्लास्टिकचा डबा असतो, तो स्विच. कुलूप किल्ली ओळखतं आणि फिरतं. वीज सोडण्याचं काम स्विच करतो. बऱ्याच गाड्यांत हा स्विच एकटा बदलता येतो. किल्ली तीच राहते, इमोबिलायझरला हात लावावा लागत नाही. तरीही पुष्कळ ठिकाणी 'पूर्ण लॉकसेट टाकावा लागेल' असं सांगितलं जातं. मग नव्या किल्ल्या आल्या, दारांची कुलपं आली, किल्लीचं प्रोग्रामिंग आलं. म्हणून गॅरेजमध्ये एवढंच विचारा: कुलूप खराब आहे की स्विच? किल्ली अडकते, फिरत नाही, तर कुलूप. किल्ली छान फिरते पण गाडी दाद देत नाही, तर स्विच असू शकतो.

'असू शकतो' हे मुद्दाम म्हणतोय. बॅटरी, रिले, स्टार्टर यांची तपासणी न करता कव्हर उघडू नये. स्विच गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात. स्टार्टर फिरतो, इंजिन लागतं आणि किल्ली सोडून 'ऑन'वर आली की बंद पडतं. किंवा खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर मीटरवरचे सगळे दिवे जातात. गाडी उभी असताना 'ऑन'वर किल्ली हलकीच हलवून बघा. दिवे लुकलुकले तर संशय पक्का करायला मल्टिमीटर घ्या. ब्लोअर जोरात चालू ठेवायचा, मीटरची एक पिन स्विचकडे बॅटरीतून येणाऱ्या तारेवर, दुसरी बाहेर जाणाऱ्या तारेवर. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत असं समजा.

आता हे काम नुसत्या गैरसोयीचं नाही, ते सांगतो. चालत्या गाडीत हा स्विच तुटला की इंजिन जातं. पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा व्हॅक्यूम एकदोन दाबण्यांपुरता उरतो आणि एअरबॅगही उघडण्याची खात्री राहत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये हेच झालं. कोबाल्ट आणि तिच्या बहिणी, जगभरात मिळून सुमारे २६ लाख गाड्या, २०१४ साली परत बोलवाव्या लागल्या. किल्ली 'ऑन'वर घट्ट बसावी म्हणून स्विचमध्ये एक स्प्रिंग आणि खिट्टी असते. ती खिट्टी आखूड होती. जड जुडगा लटकला, गाडी आदळली, की किल्ली आपोआप 'एसीसी'वर यायची. नुकसानभरपाईच्या निधीने शेवटी १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

ते उघडकीला कसं आलं, हे आम्हा हातकाम करणाऱ्यांसाठी फार मोलाचं आहे. २०१० मध्ये जॉर्जियात एक तरुण परिचारिका गेली. अपघाताच्या क्षणी किल्ली 'एसीसी'वर होती असं गाडीतल्या नोंदीत निघालं. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने मार्क हूड नावाच्या इंजिनियरला कामाला लावलं. त्यांनी तिच्या गाडीतला जुना स्विच घेतला आणि बाजारातून नवा विकत आणला. दोन्ही शेजारी ठेवले. नव्याची खिट्टी लांब, स्प्रिंग जोरकस. पार्ट नंबर मात्र तोच! कंपनीने आतला भाग गुपचूप बदलला होता आणि नंबर ठेवला होता. गाड्या दुरुस्त होईपर्यंत कंपनीने मालकांना सांगितलं ते असं: जुडग्यात नुसती किल्ली ठेवा, बाकी काही लटकवू नका. आपणही आज घरी जाऊन हे करू शकतो, त्याला पाना लागत नाही.

बरं, कामाला लागू. किल्ली बंद, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. आता थांबायचं. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या यंत्रणेत थोडी वीज साठवलेली असते. ती ओसरायला किती मिनिटं द्यायची, हे त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते पाळायचं. आपल्याकडे २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे 'आमच्या गाडीत नाही' हे उत्तर आता फार दिवस चालायचं नाही. पिवळ्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे. त्यांना मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही.

स्टिअरिंगला टिल्ट असेल तर ते खाली करून घ्या. खालच्या कव्हराला खालून सहसा तीन स्टार स्क्रू असतात. काही गाड्यांत दोन स्क्रू चाकाच्या बाजूला लपलेले असतात. किल्ली घालून चाक पाव फेरा डावीकडे, मग उजवीकडे फिरवलं की दिसतात. कोणता स्क्रू कुठला, ते फोटो काढून ठेवा, लांबी सारखी नसते. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की वायरीत शिरतो.

स्क्रू निघाले तरी कव्हर सुटत नाही आणि इथेच मुलं स्क्रू ड्रायव्हर खुपसतात. कव्हर क्लिपांवर बसलेलं असतं. दोन अर्ध्या जिथे जुळतात त्या रेषेवर बोटांनी दाबत जा. नाहीच तर प्लास्टिकची पट्टी घाला. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक पापडासारखं असतं. आमच्याकडे जानेवारीच्या सकाळी मी केस वाळवायचा ड्रायर लावून ते आधी कोमट करायला सांगतो. मुलं हसतात, पण क्लिपा वाचतात.

कव्हर निघालं की कुलपाभोवती एक काळी कडी दिसेल, ती इमोबिलायझरची. कुलपाच्या घराला गोल गुळगुळीत डोक्याचे बोल्ट दिसतील. त्यांची षटकोनी डोकी कारखान्यातच मुद्दाम मोडून टाकलेली असतात, चोराला पाना लागू नये म्हणून. स्विच बदलताना त्यांच्याशी आपलं भांडण नाही. आपल्याला हवाय तो मागचा डबा. त्याच्या कपलरची खिट्टी दाबून कपलर काढा, वायर ओढून नव्हे. एक किंवा दोन बारीक स्क्रू सोडले की स्विच हातात.

आता जुना आणि नवा शेजारी ठेवा. पिना मोजा, आतली खाच बघा, स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही फिरवून प्रत्येक टप्पा कसा बसतो ते बोटांना कळू द्या. नवा स्विच पिळपिळीत लागला तर दुकानदाराला परत द्या, डबी कितीही अस्सल दिसो. बसवताना कुलपाची जीभ आणि स्विचची खाच एकाच टप्प्यावर हवी. जोर करून बसवला की खाच फुटते.

कव्हर लावायच्या आधी टिल्ट वरखाली करून बघा, वायर ताणली जात नाही ना. प्लास्टिकमध्ये स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा. टक् करून जुन्या आट्यात पडला की मग आवळा.

टर्मिनल जोडलं की चारही टप्पे तपासा. एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर गाडी द्यायची नाही. किल्ली फक्त 'लॉक'वरच निघाली पाहिजे. स्टार्टवरून सोडल्यावर ती स्वतःहून 'ऑन'वर परत यायला हवी. मग रस्त्यावर एक फेरी, मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने. आमच्याकडे तो शोधावा लागत नाही.

आणि रस्त्यात गाडी अशी बंद पडलीच, तर ब्रेक पंप करू नका. एकदाच सलग दाबून धरा, चाक दोन्ही हातांनी ओढा, गाडी कडेला घ्या. थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. हॅझर्ड लावा, गाडीतून डाव्या बाजूने उतरा आणि मग गॅरेजला फोन करा.