दृढीकरणापूर्वीचा एक प्रश्न
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात पालकांसमोर केलेले भाषण)



आमचे दृढीकरण वसईत १९६७ साली झाले. तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. बिशपस्वामी गालावर चापट मारतात एवढेच आम्हांस ठाऊक. ती किती जोराने बसेल या विवंचनेत आम्ही रात्रभर जागलो. प्रत्यक्षात तो नुसता बोटांचा स्पर्श निघाला. श्रद्धेसाठी सोसावयाची तयारी ठेवावी, हा तिचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळला. १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी विधीत सुधारणा केली आणि चापट गेली.

भय गेले, त्याच्या जागी फोटो, नवे कपडे आणि जेवणावळ आली. त्यांस आमचा विरोध नाही. सणाला गोडधोड हवेच! परंतु 'किती वर्गांना हजेरी लागते?' असे पालकच विचारू लागले, म्हणजे मुलाने काय समजावे?

आम्ही अनेक वर्षे रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. मुले पवित्र आत्म्याची सातही दाने एका दमात म्हणून दाखवीत, आणि आम्ही संतुष्ट होत असू. एकदा एका मुलीने उभे राहून विचारले, "मास्तर, मला खात्री वाटत नसेल तर?" आम्ही तिला खाली बसवून पाठांतर करावयास सांगितले. आयुष्यातील ती आमची मोठी चूक होय.

बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या बाळासाठी आईबाप व धर्म-मातापिता बोलतात. दृढीकरणात तीच वचने मूल स्वमुखाने देते. ज्याला 'होय' म्हणावयाचे आहे, त्याला आधी विचारण्याची मुभा नको काय? फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्यातही श्रोता पाद्रीला शंका विचारतो, आणि पाद्री त्यास उत्तर देतो.

धर्मपित्याविषयीही थोडे बोलू. तो स्वतः दृढीकरण झालेला, सोळा वर्षे पूर्ण केलेला व श्रद्धेने वागणारा असावा. शक्यतो बाप्तिस्म्याचाच असावा, असे धर्मसभेचा कायदा सांगतो. आपण मात्र घड्याळ कोण देईल ते पाहतो. अडचणीच्या वेळी मूल रात्री कोणाचे दार ठोठावील, हे मुलालाच विचारून पाहावे.

यंदा वर्ग सुरू होतील तेव्हा पहिल्या रविवारी पालकांनी व धर्म-मातापित्यांनीही मुलांशेजारी बाकावर बसावे, अशी आमची विनंती आहे. त्या दिवशी पाठांतर घेतले जाणार नाही. प्रश्न मुलेच विचारतील.