अपयशाची विद्या

जो स्वतः उत्तम खेळला तोच इतरांना खेळ शिकवू शकेल, असा समज सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेतील बेसबॉलपटू चार्ली मॅन्युअल यांची कारकीर्द मात्र निराळीच साक्ष देते.

मॅन्युअल यांचा जन्म १९४४ चा. व्हर्जिनिया राज्यातील ब्युएना व्हिस्टा या लहान गावी ते वाढले. वडील धर्मोपदेशक, कुटुंब मोठे. १९६३ साली वडील निवर्तले आणि त्याच वर्षी या थोरल्या मुलाने मिनेसोटा ट्विन्स या व्यावसायिक संघाशी करार केला. मैदानाच्या दूरच्या टोकाला उभे राहून उंच आलेले चेंडू टिपणे, हे त्यांचे काम. परंतु दुय्यम संघांतून वर यावयास १९६९ साल उजाडले. पुढे लॉस एंजेलिस डॉजर्सकडूनही ते खेळले. सहा हंगामांत मिळून सामने २४२. कुंपणापलीकडे धाडलेले चेंडू, म्हणजे होमरन, अवघे चार. या खेळात दहांतून तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम गणला जातो. मॅन्युअल यांना पाचांतून एकदाही यश मिळणे जड जाई. बहुतेक दिवस राखीव खेळाडूंच्या बाकावरच सरले.

१९७६ साली ते जपानला गेले. पहिले वर्ष फिके ठरले; मग मात्र हात बसला. १९७८ मध्ये त्यांच्या याकुल्ट स्वॅलोज संघाने प्रथमच जपानचे अजिंक्यपद जिंकले. पुढच्या वर्षी किंतेत्सू संघाकडून खेळत असताना वेगवान चेंडू लागून त्यांचा जबडा मोडला. चेहऱ्यावर लोखंडी जाळी बसवलेले शिरस्त्राण घालून ते परतले. त्या हंगामात ३७ होमरन काढून पॅसिफिक लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. १९८० मध्ये ही संख्या ४८ वर गेली.

निवृत्तीनंतर ते शिक्षक झाले. १९९३ साली क्लीव्हलंडच्या दुय्यम संघात जिम थोमी हा तरुण त्यांच्या हाताखाली होता. अंगी बळ असूनही चेंडूची वाट पाहताना तो ताठरून जाई. एका चित्रपटातील नायकाची लकब पाहून मॅन्युअल यांनी त्याला सुचवले, की फटक्यापूर्वी बॅट गोलंदाजाच्या दिशेने धरावी. उपाय साधाच, पण त्याने अंगाचा ताण सैलावला. थोमी यांनी पुढे ६१२ होमरन काढले आणि २०१८ मध्ये बेसबॉलच्या मानवंदना सभागृहात त्यांना स्थान मिळाले.

फिलाडेल्फियाच्या संघाची धुरा मॅन्युअल यांनी २००५ मध्ये स्वीकारली, तेव्हा त्यांच्या संथ, ग्रामीण बोलीची थट्टा झाली. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये, अंतिम फेरीआधीची मालिका चालू असताना त्यांची आई वारली. त्याच महिन्यात संघ विश्वविजेता झाला. बेसबॉलमधील असे यश त्या नगरीने २८ वर्षांत पाहिले नव्हते. पाच वर्षांनी, व्यवस्थापक म्हणून एक हजारावा विजय मिळाल्यावर चारच दिवसांत त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

अपयशी खेळाडू सारेच गुरू होत नाहीत. उपजत कौशल्याच्या माणसाला आपला हात का चालतो, हे तपासण्याची गरज सहसा पडत नाही. ज्याचा हात अडतो, त्याला मात्र एकेक हालचाल न्याहाळावी लागते. तो जर न्याहाळण्याचा कंटाळा करणार नाही आणि मनात कडवटपणा धरणार नाही, तर त्या अडण्यातूनच पुढच्या पिढीला देण्यासारखी विद्या त्याच्यापाशी जमा होते.